मधल्या मामाची बोट

माझा मधला मामा एकवीस वर्षं उतारूंच्या बोटीवर स्टुअर्ड होता. म्हणजे जेवणघरात वाढायचं, केबिनी आवरायच्या, कुणाला बोट लागली तर बादली घेऊन धावायचं, आणि हे सगळं अंगावरच्या पांढऱ्या कोटाला डाग न लागू देता करायचं. आजोबांना हे चारचौघांत सांगायला जड जायचं. ते म्हणायचे, "मधला जहाज सांभाळतो." वाक्य तसं खोटं नव्हतं. पण मामीच्या वडिलांनी त्याचा आपल्या सोयीने अर्थ लावला आणि मुलगी देऊन टाकली.

लग्नानंतर चौथ्या दिवशी मामीने विचारलं, "अहो, एवढी मोठी बोट वळवताना भीती नाही वाटत?"

"मी कुठे वळवतो? कप्तान वळवतो."

"मग तुम्ही काय करता?"

"कप्तानाला जेवायला वाढतो."

मामीने पदर खोचला. मग म्हणाली, "काय काय वाढता?" आपला संसार त्या क्षणी मार्गी लागला, असं मामा पुढे कित्येक वर्षं सांगायचा.

तिच्या वडिलांचं एवढ्यावर भागलं नाही. जावई कप्तान आहे म्हणून त्यांनी सगळ्या कचेरीला सांगून ठेवलं होतं. त्यांनी मामाला गळ घातली, निदान टोपी घालून एक फोटो तरी काढ. मामा सरळ माणूस. त्याने कप्तानाकडे टोपी मागितली आणि कप्तानाने दिलीही. पण कप्तानाचं डोकं फार मोठं होतं. फोटोत टोपी मामाच्या कानांवर टेकली आहे आणि टोपीखालून एक माणूस अदबीने हसतो आहे, जणू आता विचारणार, आणखी पाव आणू का? सासऱ्यांनी तो फोटो बैठकीच्या खोलीत लावला आणि पाहुण्यांना जरा लांबूनच दाखवला.

बोटीची फेरी दोन आठवड्यांची असायची. मग मामा पाच दिवस घरी यायचा आणि त्या पाच दिवसांत मामीच्या नाकी नऊ यायचे. जेवायला बसण्याआधी तो टेबलावरचं कापड ओलं करायचा, कारण समुद्र खवळला की ओल्या कापडावर ताटल्या घसरत नाहीत.

"घर हलत नाही हो," मामी म्हणायची.

"अजून हललं नाही, असं म्हण."

स्वयंपाकघरातल्या सगळ्या कपाटांच्या दारांना त्याने दोऱ्या बांधल्या होत्या. चिमूटभर मीठ हवं असलं तरी आधी दोन गाठी सोडायच्या, नंतर पुन्हा मारायच्या. चार ताटल्या एका हातावर पेलायची त्याला सवय होती. घरात जेवणारी माणसं दोनच, तरी तो चार ताटल्या घेऊनच यायचा. उरलेल्या दोन रिकाम्या. "दोन घेतल्या की हात बावचळतो," तो म्हणायचा.

आणि माणसांना तो केबिनच्या नंबराने ओळखायचा. बोटीवर नावं कोण लक्षात ठेवणार? सात नंबरला साखर वर्ज्य, अठरा नंबर घोरतो, दहा नंबरचा नवरा चौदा नंबरमध्ये झोपतो, ते आपण विचारायचं नाही. घरीसुद्धा त्याच्या तोंडून जायचं, "नऊ नंबर आलेत, चहा टाक." नऊ नंबर म्हणजे सासरे. मामीने एकदा विचारलं, माझा नंबर कितवा? मामा म्हणाला, "तुला नंबर नाही. तू कंपनी."

या सगळ्या नंबरांत त्याचा सर्वांत लाडका नंबर बावीस. बावीस नंबर म्हणजे मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक मुख्याध्यापिका. वर्षातून दोनदा त्या पलीकडच्या बंदरात बहिणीकडे जायच्या आणि प्रत्येक वेळी बोटीच्या तक्रारवहीत मामाविरुद्ध लिहायच्या. मामाला त्यांच्या तक्रारी तोंडपाठ होत्या. घरी आला की कोट खुंटीला लावायच्या आधी तो म्हणून दाखवायचा, "'सूप कोमट होते. वाढणाऱ्याचा चेहरा आनंदी होता. कारण समजले नाही.'" किंवा, "'उशी बदलून मागितली. दुसरी उशी आणून दिली. ती पहिलीच होती.'"

"पहिलीच होती का?" मामीने विचारलं.

"होती. पण पलीकडच्या बाजूने."

एकदा बाईंनी आधीच्या उतारूंच्या तक्रारींतले ऱ्हस्वदीर्घही लाल पेन्सिलीने सुधारले. एकाच्या तक्रारीखाली शेरा मारला, "मुद्दा बरोबर, मांडणी ढिसाळ." मामा त्या आठवड्यात नुसता हवेत होता. त्याच्याविरुद्ध इतकं शुद्ध कुणीच लिहीत नाही, असं त्याचं म्हणणं.

ज्या फेरीत बोट बुडाली, त्या फेरीत बावीस नंबर बोटीवर होत्या. त्या दिवशी काय झालं ते मला तिघांकडून कळलं: बोटीवरच्या स्वयंपाक्याकडून, चौकशीच्या कागदांतून आणि खुद्द बाईंकडून. तिघांचं जुळतं तेवढंच सांगतो.

दुपारचा दीड वाजला होता. बाहेर धुकं इतकं की हात लांब केला तर बोटं दिसेनात. जेवणघर भरलेलं. एक मालवाहू जहाज धुक्यातून आलं आणि बोटीच्या कुशीत घुसलं. धक्का फार मोठा नव्हता. पेले किणकिणले, एका बाईंची पर्स पडली. दुय्यम अधिकारी दारात आला, म्हणाला, "काळजीचं कारण नाही, जेवण चालू द्या," आणि पळत गेला. लोकांनी पुन्हा चमचे उचलले.

मामा सूप वाढत होता. बोट डुलते तेव्हा सूप बशीच्या एका काठाकडे जातं आणि परत येतं. एकवीस वर्षं त्याने ते बघितलं होतं. या वेळी सगळ्या टेबलांवरचं सूप डाव्या काठाकडे गेलं आणि परत आलंच नाही.

मामाने हातातलं भांडं खाली ठेवलं आणि ताटल्या उचलायला लागला. भरलेल्या. लोक बघतच राहिले. एका जाडजूड व्यापाऱ्याने आपली ताटली दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"अहो, माझं व्हायचंय अजून."

"जेवण संपलं, साहेब. कॉफी वरच्या डेकवर आहे. वर गार वारा आहे, म्हणून प्रत्येकाने केबिनमधलं लाइफ जॅकेट घालून यायचं. बिनजॅकेट कॉफी मिळणार नाही."

"हा काय नवा नियम?"

"आजपासूनचा," मामा म्हणाला आणि ताटली ओढून घेतली. एवढ्या वर्षांत त्याने उतारूच्या हातातलं अन्न कधी काढलं नव्हतं. स्वयंपाकी सांगतो, त्याचे कान लाल झाले होते, बोट बुडते आहे म्हणून नव्हे, ताटली ओढली म्हणून.

लोक कुरकुरत उठले, जॅकेटं घालून वर गेले आणि वर गेल्यावर त्यांना होड्या उतरवताना दिसल्या. तेव्हा कॉफीचं कुणी काही विचारलं नाही. चौकशीत म्हटलं आहे की जेवणघरातले सगळे, एकूण शहात्तर माणसं, पहिल्या वीस मिनिटांत होड्यांपाशी पोचली होती.

बावीस नंबर जेवायला आल्या नव्हत्या. डोकं दुखतं म्हणून दार लावून पडल्या होत्या. मामाने दार ठोठावलं.

"बाई, वर यावं लागेल."

"मी विश्रांती घेते आहे. बाहेर पाटी लावली आहे."

"पाटी वाचली, बाई. तरी यावं लागेल."

"मी तुमची तक्रार करीन."

"जरूर करा. पण वही वर आहे."

आत पलंग करकरला. "वर का?"

"आज वही डेकवर ठेवली आहे. होड्यांपाशी. लवकर चला, रांग आहे."

दार उघडलं. बाई चष्मा आणि लाल पेन्सिल घेऊन बाहेर आल्या. मामाने त्यांना जॅकेट घातलं, हाताला धरून तिरक्या जिन्यावरून वर नेलं आणि होडीत बसवलं. बाईंनी विचारलं, "वही?" मामा म्हणाला, "आणतो."

जिन्याच्या तोंडाशी स्वयंपाक्याने त्याची बाही धरली. "झालं की आता. चल."

"खालच्या बोळातली चार दारं राहिली आहेत."

"कुणी नसेल तिथे."

"एकतीसमध्ये आहेत. दुपारी झोपतात ते," मामा म्हणाला आणि गेला.

एकतीस नंबरचं जोडपं वर आलं, अर्धवट झोपेत, गुडघ्यापर्यंत भिजलेलं. त्याच्यानंतर त्या जिन्याने कुणी आलं नाही. अकरा माणसं गेली, त्यांत मामा.

कंपनीचं पत्र आलं, "आपले पती कामावर असताना बेपत्ता झाले आहेत." मामीने ते दोनदा वाचलं. म्हणाली, "कामावर असताना कसे बेपत्ता होतील? कामावर तर ते हमखास सापडायचे." माझी आई तिच्या सोबतीला राहिली होती. चहासाठी कपाटाची दोरी सोडून तिने ती तशीच ठेवली, तर मामी उठली आणि गाठ मारून आली. रडली मात्र नाही. महिनाभर घरात कुणी मोठ्याने बोललं नाही.

मग एका सकाळी बाई आल्या. काठी, चष्मा, इस्त्रीची साडी. खुर्चीत ताठ बसल्या आणि म्हणाल्या, "मला तक्रार करायची आहे."

"करा," मामी म्हणाली.

"तुमचे यजमान माझ्याशी खोटं बोलले. वर वही नव्हती. मी होडीत बसून तीन तास वाट पाहिली."

मामीने चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला.

"चौतीस वर्षं मी मुली सांभाळल्या. पोटदुखी, आजी वारणं, सगळी सोंगं बघितली. एकीलाही मला फसवता आलं नाही. आणि या माणसाने मला एका वाक्यात उठवलं." बाईंची काठी हातातून निसटली. "मी इतकी वाईट लिहीत होते का हो त्यांच्याबद्दल?"

"त्यांना सगळं पाठ होतं," मामी म्हणाली. "उशीचं तर ते जेवताना म्हणायचे."

"कोणती उशी?"

"पहिलीच होती ती."

"मला माहीत होतं," बाई म्हणाल्या, आणि मामी हसायला लागली. हसता हसता जे व्हायचं राहिलं होतं ते झालं. बाईही तिच्याबरोबर रडल्या.

जाताना त्यांनी कंपनीचं पत्र मागून घेतलं, त्यातल्या तीन चुका लाल पेन्सिलीने सुधारून कंपनीला परत पाठवलं आणि खाली लिहिलं की या घरातल्या बाईंना नोकरी देणे उचित होईल. उत्तर आलं नाही. बाईंनी दुसरं पत्र लिहिलं, मग तिसरं. चौथं येऊ नये म्हणूनच कंपनीने मामीला बंदरावर तिकिटाच्या खिडकीत बसवलं, असं तिथले कारकून अजून सांगतात.

मामी पहिल्या दिवसापासून तिकिटाबरोबर सूचना द्यायला लागली. जॅकेट पलंगाखाली असतं. आधी डोक्यातून घालायचं, मग पट्टा कमरेला, गाठ पुढे. स्टुअर्ड जेवण संपलं म्हणाला तर वाद घालायचा नाही. व्यवस्थापक धावत आले.

"बाई, लोक घाबरतात."

"घाबरू देत. घाबरलेला माणूस नीट ऐकतो."

त्यांनी तिला अगदी टोकाच्या खिडकीत हलवलं. तर लेकुरवाळ्या बाया मुद्दाम चालत तिथवर जायला लागल्या. मामी त्या खिडकीत सतरा वर्षं बसली.

एकदा मलाच पलीकडच्या बंदरात जायचं होतं. रांगेत उभा राहिलो. माझी पाळी आली तेव्हा मामीने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि सुरुवात केली, "जॅकेट पलंगाखाली असतं."

"मामी, मला पाठ आहे गं."

"मग म्हणून दाखव."

माझ्यामागे दहा-बारा माणसं उभी होती. मी म्हणून दाखवलं. पट्ट्याची गाठ मागे सांगितली. मामीने तिकीट पुन्हा आपल्याकडे ओढलं आणि मला पहिल्यापासून म्हणायला लावलं.