एकेचाळीस बेड

थेरगावच्या निवारा फर्निचरमध्ये साहेबराव तेहेतीस वर्षं फिटर आहेत. माझ्या घरचा बेड त्यांनीच जोडला, तेव्हा मला त्यांचं नावही माहीत नव्हतं. ओळख झाली ती चार महिन्यांनी, कुणी बोलावलेलं नसताना ते पुन्हा दारात उभे राहिले तेव्हा.

त्यांचे वडील भोसरीच्या एका फाउंड्रीत होते. मुलानंही कंपनीत चिकटावं अशी त्यांची फार इच्छा. पण साहेबरावांना दर वेळी टेम्पररी म्हणून घ्यायचे आणि सहा-सात महिन्यांनी ब्रेक द्यायचे. अशाच एका ब्रेकमध्ये, १९९१ साली, ते डांगे चौकाजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये काम विचारायला गेले आणि तिथलेच झाले. शेड होती ज्योतीरामअण्णांची. अण्णा बार्शीकडचे सुतार. कंपन्यांत मशिनी ज्या लाकडी खोक्यांतून यायच्या, ती खोकी विकत घेऊन ते कॉट बनवायचे. एकेका खोलीत चार-चार कामगार राहत, त्यांना त्याच परवडायच्या. पुढे त्या कामगारांची लग्नं झाली, त्यांना लोखंडी कपाट हवंसं झालं. मग टीव्हीसाठी शोकेस, मुलांना अभ्यासाचं टेबल, बोनस झाला की सोफा. शेडचं दुकान झालं आणि दुकानाची तीन मजली शोरूम.

"या भागातल्या लोकांनी काय काय घेतलं, ते मी पाठीवर घेऊन जिन्यानं वर नेलंय," साहेबराव मला पुढे एकदा सांगत होते. हे सांगतानाही त्यांचे हात स्क्रू फिरवतच होते.

आता शोरूम अण्णांचा मुलगा ज्ञानेश बघतो. हल्ली फ्लॅट लहान, सामान फार. म्हणून सगळ्यांना हायड्रॉलिक बेड लागतो. वरची फळी गादीसकट उचलायची, दोन बाजूंचे गॅसचे पंप ती तोलून धरतात, आणि खालच्या पेटीत गोधड्या, बॅगा, काय वाटेल ते भरायचं. गेल्या दिवाळीत ज्ञानेशनं पंप नव्या माणसाकडून मागवले. पहिलाच बेड जोडताना साहेबरावांच्या हाताला वेगळं लागलं.

"ज्ञानेश, हा पंप मऊ आहे. दांड्यावर तेल पण आलंय, बघ."

"काका, गॅरंटी आहे त्याची. ऐन दिवाळीत डिलिव्हऱ्या थांबवू का मी?"

साहेबराव गप्प बसले. त्या हंगामात त्यांनी तसे एकेचाळीस बेड जोडले.

फेब्रुवारीत चिखलीहून मिनल नावाच्या एका ग्राहक बाईंचा फोन आला. त्यांच्या सासूबाई, रुक्मिणीबाई, दुपारी बेडमधून गोधडी काढत होत्या. वर उचललेली फळी एकाएकी कोसळली आणि त्यांचं मनगट मोडलं. साहेबराव त्याच संध्याकाळी तिथं गेले. त्यांनी फळी उचलून पाहिली. दोन्ही पंप रिकामे होते, नुसते लटकलेले. रुक्मिणीबाई प्लास्टर घातलेला हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "माझंच चुकलं, भाऊ. मी नीट धरलं न्हाई."

"तुमचं काही चुकलं नाही, मावशी," साहेबराव म्हणाले. आपल्याला आधीच शंका आली होती, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. नवे पंप बसवून ते घाईघाईनं जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ज्ञानेशला सांगितलं, सगळ्या घरांचे पंप बदलू या.

"एकाचे गेले म्हणजे सगळ्यांचे जातील असं नाही," ज्ञानेश म्हणाला. "आपणच फोन करून सांगायचं का, की आमचा माल खराब आहे? ज्याची तक्रार येईल त्याचं बदलू."

साहेबराव अण्णांकडे गेले. अण्णा थकलेत, सकाळी तासभर गल्ल्याशेजारी बसतात एवढंच. ते म्हणाले, "आता दुकान त्याचं हाय. मी बोलून काय उपेग?"

त्या दिवसापासून साहेबरावांना स्वस्थता नाही. जेवताना घास हातातच राहायचा. मुलगी मैत्री एकदा म्हणाली, "पप्पा, बोटांवर काय मोजताय?" ते घरं मोजत होते. कुठल्या इमारतीचा जिना अरुंद, कुठे लिफ्टमध्ये बेड मावला नाही, कुठे लहान मुलं होती, असं करत एकेक पत्ता त्यांना आठवत होता. त्यांनी तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मग तुम्ही का जात नाही?"

गुरुवारी त्यांना सुट्टी असते. त्यांनी लाकडाचे टेकू कापले, स्कूटरला बांधले आणि निघाले. पहिल्या गुरुवारी पाच घरं, दुसऱ्या गुरुवारी सात. माझ्याकडे आले ते या दुसऱ्या गुरुवारी. फळी कशी उचलायची, टेकू कुठे लावायचा, हे त्यांनी मला तीनतीनदा करायला लावलं. "टेकूशिवाय हात आत घालायचा नाही," म्हणाले. पाणी दिलं तेही उभ्यानंच प्यायले. चाकणच्या एका सोसायटीत त्यांना वॉचमननं गेटवरूनच परत पाठवलं होतं, तिथं त्यांना पुन्हा जायचं होतं.

ते गेले आणि मला राग आला. इतका महाग बेड, आणि त्याला काठीचा आधार? मी तडक शोरूमला फोन लावला आणि ज्ञानेशला वाट्टेल ते बोललो. त्याचा फटका कुणाला बसेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

ज्ञानेशनं साहेबरावांना सगळ्यांसमोर बोलावलं. "गिऱ्हाइकांच्या घरी काय सांगत फिरताय?"

"खरं ते सांगतोय."

"कुणाला विचारून?"

"दिवाळीत तुला सांगितलं होतं. तेव्हा गप्प बसलो, ते चुकलं माझं."

"मग उद्यापासून येऊ नका."

साहेबरावांनी हत्यारांची पिशवी उचलली. दारात थांबून म्हणाले, "नाही येत. पण तळेगावला विजयश्रीबाईंच्या घरी लहान पोरं आहेत. तिथं अजून मी पोचलो नाही. तू तरी जा."

तिसऱ्या दिवशी ज्ञानेशचा फोन आला. "चला काका, तळेगावला. त्या पोरांचं डोक्यातून जात नाही. पंप ठीक निघाले तर हा विषय बंद." दोघं गाडीतून गेले.

विजयश्रीबाईंनी दार उघडलं. बेड बघायचाय म्हटल्यावर हसून म्हणाल्या, "या, पण आमची लपाछपी चाललीय." आतल्या खोलीत बेडची फळी वर होती आणि खालच्या पेटीत, गोधड्यांवर, त्यांची चार वर्षांची मुलगी तोंडावर हात दाबून बसली होती.

साहेबरावांनी पिशवी टाकली आणि फळीखाली खांदा दिला. "ज्ञानेश, पोरीला काढ! काढ आधी!"

ज्ञानेशनं तिला ओढूनच बाहेर काढलं. ती रडायला लागली. साहेबरावांनी खांदा काढून घेतला आणि फळीला वरून नुसतं बोट लावलं. फळी धाडकन खाली आली. खिडकीची काच थरथरली. विजयश्रीबाई मुलीला छातीशी धरून भिंतीला टेकल्या.

परत येताना सोमाटण्याच्या पुढे ज्ञानेशनं गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. मग म्हणाला, "यादी मी काढतो. तुम्ही उद्यापासून रोज निघा. फोन सगळ्यांना मी करतो."

अठरा दिवस साहेबराव फिरत होते. नवे पंप दुसऱ्या कंपनीचे होते. प्रत्येक पंप ते आधी छातीनं दाबून बघत. काही लोकांनी नेटवर दुकानाबद्दल वाईट लिहिलं, काही ऑर्डरी रद्द झाल्या. ज्ञानेशनं ते सोसलं, पण साहेबरावांशी पूर्वीसारखं मोकळं बोलणं मात्र अजून नाही.

मधेच एक दिवस साहेबराव चिखलीला रुक्मिणीबाईंकडे जाऊन आले. म्हणाले, "मावशी, मला दिवाळीतच शंका आली होती." त्यांनी हात पदराखाली घेतला. "मग तेव्हाच बोलायचं ना, भाऊ," एवढंच म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. हे सांगताना साहेबराव माझ्याकडे बघत नव्हते.

चाळीस बेड झाले. एकेचाळिसावा चाकणच्या गणराज नावाच्या भाडेकरूचा होता. नोकरी बदलून नाशिकला जाताना त्यानं तो विकून टाकला. कुणाला, तर टेम्पो घेऊन आलेल्या एका माणसाला. त्याचा नंबर आता बंद लागतो. ज्ञानेशनं बेडचा फोटो फर्निचरवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला, शोरूमच्या दारावर लावला. पत्ता लागलेला नाही.

साहेबराव गुरुवारी चाकण भागातली जुन्या फर्निचरची दुकानं पालथी घालतात. मागच्या गुरुवारी मीही त्यांच्यामागे स्कूटरवर बसलो. महाळुंग्याला एका गोदामात चार हायड्रॉलिक बेड होते. ते प्रत्येकाखाली वाकले, मोबाईलच्या उजेडात पंपांवरचा शिक्का वाचला. चारही दुसरेच निघाले. दुकानदार खुर्ची पुढे सरकवत होता, तोवर साहेबराव गुडघे झटकून बाहेर पडलेसुद्धा.

"चला," ते स्कूटरला किक मारत म्हणाले, "खराबवाडी राहिलीय."