बनसोडे सरांची तालीम आणि माझा गळा

भुजंगानं माझा गळा धरला होता आणि तो खरंच आवळत होता. सणसरच्या शाळेचा वर्ग, रविवारची दुपार. मी पाय आपटत होते, डोळ्यांपुढं काळं झालं होतं, आणि समोर सतरंजीवर बसलेले बनसोडे सर म्हणत होते, "चालू द्या... चालू द्या." शेवटी हौसाक्कानं चहाची भरली किटली भुजंगाच्या डोक्यात घातली. त्याचं कपाळ फुटलं, चहानं माझा खांदा भाजला, तेव्हा कुठं मला श्वास आला.

ते सर गेल्या महिन्यात बारामतीत वारले. झोपेतच गेले. पेपरात आलं की नटाला देव मानणारा नाट्यशिक्षक गेला. मानायचे, खरं आहे. पण त्या मानण्यापायी मी मरत होते, तेही लिहिलं पाहिजे.

मी चौथी शिकलेली, वांगी-टोमॅटोच्या तोडणीला जाणारी बाई. सर बारामतीच्या शाळेत शिकवायचे आणि रविवारी एस.टी.नं येऊन आमचं नाटक बसवायचे. लिहिलेली भाषणं देत नसत. प्रसंग सांगायचे, बोलायचं आपलं आपण. कसं करू विचारलं की म्हणायचे, "मला काय विचारता सोनाबाई? तुमच्या अंगाला विचारा." आमच्या नाटकातलीच हौसाक्का म्हणायची, "आमचं अंग म्हणतंय घरी जावा, भाकऱ्या थापा." सर हसायचे, पण सांगायचे नाहीत. एक नियम मात्र कडक. चालू प्रसंग सर थांबवणार नाहीत. थांबवायचा तो नटानं, 'थांब' म्हणून.

नाटकात मी आई, भुजंग माझा लेक. लेकाला जमीन विकायची आहे, आई कागदावर अंगठा देत नाही. भुजंग तसा भला, मला मावशी म्हणायचा. पण त्याच्या आईनं सगळी बागायत धाकट्याच्या नावावर केली होती, हे सरांना ठाऊक होतं. त्या दुपारी ते त्याला म्हणाले, "सोनाबाईंना विसरा. समोर तुमची आई बसलीय." त्यानं बघितलं... पुढचं सांगितलंच. गळा आवळलेल्या माणसाला 'थांब' म्हणता येत नाही, एवढी साधी गोष्ट इतक्या शिकलेल्या माणसाला सुचली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सर माफी मागायला घरी आले. माझ्या थोरल्या दिरांनी, तात्यांनी, दारातच त्यांच्या दोन मुस्काटात दिल्या. चष्मा उडाला, ओठ फुटला. सर तसेच उभे. "तात्या, बास करा, तिसरी माजी हाय," म्हणून मीही एक दिली. मग पाणी दिलं.

"नाटक बंद करतो," सर म्हणाले.

"बंद न्हाय. भुजंगाला आणा. माजा पोटचा लेक भाकरी घ्याया वाकला तरी मान आखडती माजी. असंच जगू व्हय मरूस्तवर?"

भुजंग डोक्याला पट्टी बांधून आला. हात पुढं करेना. मी त्याची मनगटं धरून माझ्या गळ्यावर आणली. "आवळायचं न्हाय. मी वढीन तवा जोर लावल्यागत कर. मी सोडलं की सोड."

"मावशी, मला भ्या वाटतंय."

"मला न्हाय व्हय वाटत? धर मुकाट्यानं."

तिसऱ्या वेळेला मला ओकारी आली. बाहेर जाऊन आले, परत बसले. सरांनी ही धरा-सोडायची रीत वहीत उतरवून घेतली. पुढं बारामतीत, इंदापुरात जी पोरं तयार केली, त्यांना पहिलं हेच शिकवलं : मार खाणाऱ्यानं मार हाकायचा, कधी सुरू नि कधी बंद ते त्यानंच ठरवायचं. कुणाकडनं शिकलो तेही सांगायचे, एवढं इमान त्यांच्यात होतं. आणि मुख्य म्हणजे स्वतः उठायला शिकले. कुणाचा श्वास जरा अडकला की ताडकन उभे राहायचे.

इंदापुरात प्रयोग झाला. भुजंगाचे हात गार पडले होते. पुढं बसलेल्या बाया त्याला शिव्या देऊ लागल्या, एकीनं चप्पल फेकली, ती त्याच्या छातीवर बसली. तो हलला नाही. माझ्या बोटांकडं बघत राहिला. मी सोडलं, त्यानं सोडलं. त्या रात्री घरी माझ्या पोटच्या लेकानं माझ्या मानेला तेल लावलं, मी लावू दिलं.

शाळेच्या त्या वर्गात आम्ही चौघंच होतो. हौसाक्का कावीळ होऊन गेली, भुजंग ट्रॅक्टरखाली सापडला, आता सर गेले. मी आहे.