नुसता सूर

लढाई संपली त्या सालातली गोष्ट. साताऱ्याहून औंधला जाणाऱ्या सर्व्हिस मोटारीत, घरी परतणारा एक शिपाई माझ्या शेजारी बसला होता. मांडीवर ट्रंक, वर फडक्यात गुंडाळलेली सनई. मोटार खड्ड्यात आदळली की तो आधी सनई धरायचा, मग स्वतःला सावरायचा.

मला गाण्याबजावण्याची भारी हौस. म्हटलं, "वाजवा की काहीतरी."

त्यानं गाल फुगवले आणि एकच सूर लावला. तो हलेना की तुटेना. मागची माणसं हसू लागली. मीही वैतागून विचारलं, "अहो, चाल कधी सुरू व्हायची?"

"हिची भोकं मेणानं बुजवल्यात. मी नुसता सूर धरतो. चाल थोरला भाऊ वाजवतो, यमाईपुढं."

मग इटलीचं सांगू लागला. "तिकडचं धनगर कातड्याच्या पिशवीत वारा भरत्यात. माणूस चाल वाजवतो, सूर पिशवीच धरती. लय ग्वाड! पर माझा जीव थाऱ्यावर ऱ्हाईना. आता आमची काय गरज? थोरल्याला पत्र लिहवून धाडलं, पिशवी आणू का म्हणून."

"मग?"

त्यानं खिशातून मळकं कार्ड काढून मला वाचायला दिलं. त्याला अक्षरओळख नव्हती, तरी मी वाचताना त्याचे ओठ बरोबर हलत होते.

"तू गेल्यापासनं देवीपुढं सनई वाजली न्हाई. पिशवी नगं. तू ये."