मामावर गेलेला

पप्पूच्या मोबाइलवर रेल्वेचं बोलावणं आलं त्या संध्याकाळी केसरबाईने शिरा केला, शेजारच्या तीन घरांत वाटला, आणि तिच्या नवऱ्याच्या, नथू चौधरीच्या घशाखाली मात्र घास उतरेना. पोरगा परीक्षेत पास झाला होता. आता कागदपत्रं आणि डॉक्टरी तपासणी तेवढी उरली होती, पुढच्या बुधवारी, मुंबईला. ती पार पडली की इंजिनात ड्रायव्हरशेजारची खुर्ची त्याची.

"डोळे एकदम कडक चेक करतात," पप्पू आईला सांगत होता. "सिग्नलचे कलर ओळखावे लागतात ना."

एवढं कानावर पडलं आणि नथू हात धुवायला उठला. मोरीत नळ सोडून तो नुसताच उभा राहिला. 

कारण नथूला लाल आणि हिरवा यांतला फरक कळत नव्हता. जन्मापासून कळत नव्हता. आणि ही गोष्ट त्याने पन्नास वर्षांत एकाही माणसाला सांगितली नव्हती, एकोणतीस वर्षं ताटाशेजारी ताट मांडून जेवणाऱ्या केसरबाईलाही नाही.

तुम्ही म्हणाल, हे लपवता येतं होय? येतं. भित्रा माणूस काय वाटेल ते लपवू शकतो, फक्त त्याने बारा महिने चोवीस तास भीत राहिलं पाहिजे. साडीच्या दुकानात केसरबाईने दोन साड्या पुढे धरल्या की नथू म्हणायचा, "तुले आवडीन ती घे." तिला वाटायचं, या माणसाला हौसच नाही. सिल्वासातल्या टोकरखाडा भागातल्या त्यांच्या दोन खोल्यांना रंग देताना त्याने सगळा पांढरा मारून टाकला. रस्त्यावर सिग्नल लागला तर तो शेजारची स्कूटर हलेपर्यंत हलत नसे आणि मागच्यांच्या शिव्या मुकाट खात असे.

कंपनीत मात्र जिवावरचा खेळ होता. तो कामाला होता त्या सुताच्या कारखान्यात धागा पुठ्ठ्याच्या नळ्यांवर गुंडाळला जायचा, आणि प्रत्येक जातीच्या धाग्याला नळीचा रंग ठरलेला. चुकीच्या नळीवर चुकीचा धागा गेला तर पुढे विणलेल्या कापडावर पट्टे उमटतात आणि ओरडा थेट मालकापर्यंत जातो. नळ्यांच्या खोक्यावर रंगाचं नाव छापलेलं असे. नथू खोकं फोडतानाच ते वाचून घ्यायचा आणि अंगठ्याच्या नखाने नळीच्या कडेला खाच पाडायचा, हिरवीला एक, लालला दोन. मग कामभर बोटांनी चाचपायचा. खाच नसलेली सुटी नळी हातात आली की ती गुपचूप बाजूला टाकायचा. सव्वीस वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता. सुपरवायझर नव्या पोरांना सांगायचा, "नथूभाई को देखो, तीन-तीन बार चेक करता है." बिचाऱ्याला काय माहीत, ते कसब नव्हतं, निव्वळ घाबरटपणा होता.

ही भीती त्याच्या अंगात शिरली ती नंदुरबारकडच्या मिरचीच्या वावरात. नथू तेव्हा आठ वर्षांचा. बापाबरोबर तो मजुरीने मिरची तोडायला गेला होता. फक्त पिकलेली तोडायची होती. दुपारी बापाने त्याची पाटी पाहिली, अर्धीअधिक हिरवी निघाली, आणि सगळ्या बायामाणसांसमोर बापाने त्याच्या कानाखाली आवाज काढला. घरी आल्यावर माय हळदीचा हात लावत रडत म्हणाली, "मामावर गया मना पोऱ्या. भास्करवर गया."

हा भास्करमामा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. एसटीचा ड्रायव्हर व्हायची त्याला कोण हौस! गावात पेढे आधी वाटले, मग तपासणीला धुळ्याला गेला, आणि डोळ्यांत नापास होऊन आला. गावाने त्याचं जे काही केलं ते केलं. लग्नाकार्यात लोक त्याच्यापुढे रुमाल नाचवायचे, "भास्कर, सांग बरं कोणता रंग?" मामाने पुढे बोलणंच टाकलं. सालभर तो वावरातल्या झोपडीत राहिला आणि मग कुठे निघून गेला ते कुणाला कळलं नाही. नथूने तेव्हाच ठरवलं, आपलं कुणाला कळू द्यायचं नाही.

पण पप्पू झाला आणि भीतीला दुसरं घर मिळालं. नाक बापाचं, चाल बापाची, हसताना डोळे मिटायची सवय बापाची. मग डोळ्यांतलं हे तेवढं मागे कसं राहील? पोराला तपासायचं तर कसं? पप्पूने चेंडू उचलून "लाल" म्हटलं तर ते बरोबर की चूक, हे सांगायला नथूकडे डोळे कुठे होते? केसरबाई कधी काही बोलली नाही, पण तिने तर त्यालाही इतकी वर्षं पकडलं नव्हतं.

आणि त्या भीतीपोटी त्याने एक वाईट काम केलं. दहावीनंतर पप्पूने आयटीआयचा इलेक्ट्रिशियनचा फॉर्म आणला. वायरी. लाल, हिरव्या, काळ्या. नथूने तो फॉर्म पोराच्या हातातून घेतला आणि चार तुकडे केले. "कॉमर्स कर, हाफिसात बस," एवढंच म्हणाला. कारण सांगितलं नाही, सांगणार काय? पप्पू कॉमर्सला दोनदा नापास झाला, तीन वर्षं वाया गेली. मग खानवेलला बहिणीकडे, सोनीकडे जाऊन राहिला आणि बापाला न विचारता आयटीआय केलं. तेव्हापासून बापलेकांत "जेवलास का" आणि "हो" यापलीकडे शब्द नव्हता.

आता तोच पोरगा बुधवारी त्या तपासणीला उभा राहणार होता, आणि नथूला दिसत होता तो धुळ्याहून परतलेला भास्करमामा.

शनिवारी त्याने अर्धी रजा टाकली आणि सरकारी दवाखान्यात डोळ्यांच्या डॉक्टरीण बाईंकडे गेला. शैलजा मॅडम मूळच्या चिपळूणच्या, बोलायला मोकळ्या. 

"मॅडम, एका दोस्ताचं विचारायचं होतं," तो म्हणाला.

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं, ड्रॉवरमधून एक जाड पुस्तक काढलं आणि मधलं एक पान उघडून त्याच्यापुढे धरलं. नुसते ठिपके होते. "दोस्ताला यात कोणता आकडा दिसेल, काका?"

नथूला एकही आकडा दिसला नाही. पुढच्या पानावर नाही, त्यापुढच्यावरही नाही. चौथ्या पानानंतर मॅडमनी पुस्तक मिटलं. "घाबरू नका. हा रोग नाही, वाढतही नाही. पुष्कळ पुरुषांना असतं. तुमचं काम काय, घरी कोण कोण, सगळं सांगा."

आणि पन्नास वर्षांत पहिल्यांदा नथूने सगळं सांगितलं. पप्पूचं आलं तेव्हा त्याचा आवाज फुटला. "माझ्यामुळे जाईल हो त्याची नोकरी. बापाचंच उतरलं असणार."

"तुमच्या वडिलांना रंग कळायचे?"

 नथूला ती चापट आठवली. बापाने लांबूनच पाटीत पाहिलं होतं आणि हिरवी मिरची ओळखली होती.

"कळायचे," तो म्हणाला. "मामाला कळायचे नाहीत."

"मग झालं की! हे बापाकडून मुलाकडे जात नाही, काका. बाईकडे दोन एक्स गुणसूत्रं असतात, पुरुषाकडे एकच. रंग ओळखायचं हे काम त्या एक्सवर असतं. बाप मुलाला आपला एक्स देतच नाही, वाय देतो, म्हणून तर तो मुलगा होतो. मुलाचा एक्स आईचा. तुम्हाला आईकडून आलं, तिच्या भावाला त्यांच्या आईकडून. तुमच्या बायकोच्या माहेरी कुणाला नसेल तर तुमच्या पोराचे डोळे बहुतेक ठणठणीत असतील. पाठवा त्याला, पाच मिनिटांत बघते."

नथूला रडावं की हसावं कळेना. मग तो फॉर्म? ती तीन वर्षं? नाहक. सगळं नाहक. त्याने टेबलाची कड धरली.

"मुलगी आहे तुम्हाला?" मॅडमनी विचारलं.

"आहे. सोनी. तिला सगळं दिसतं."

"तिला दिसणारच, आईकडचा चांगला एक्स आहे ना तिच्याकडे. पण बापाचा एक्स मुलीकडे जातोच जातो. तिला मुलगा आहे?"

पाच वर्षांचा केदार नथूच्या डोळ्यांपुढे उभा राहिला.

"त्याला अर्धी शक्यता," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "असेल किंवा नसेल."

नथू घरी आला तो पाय ओढतच. इतकी वर्षं तो एका दारावर पहारा देत बसला होता, आणि ते दुसऱ्याच दाराने आत गेलं असलं तर?

रविवारी सोनी खानवेलहून केदारला घेऊन आली. केसरबाईच्या भावाने नंदुरबारहून ओल्या मिरचीचं पोतं पाठवलं होतं. गच्चीवर जुनं लुगडं अंथरून सगळे मिरची निवडायला बसले, लाल वाळवायची, हिरवी ठेच्याला बाजूला. नथूला पळून जावंसं वाटलं. कामाचं निमित्त सांगून तो दर वर्षी पळायचाच. आज तो कठड्याला टेकून बसला आणि केदारच्या हातांकडे बघत राहिला. त्या चिमुकल्या हातांत मिरच्या होत्या, नथूला सगळ्या सारख्याच दिसणाऱ्या.

"मामा, ही बघ किती मोठी लाल!" केदारने एक उचलून पप्पूपुढे धरली.

"लाल कुठे रे, हिरवी आहे ती," पप्पू हसला.

"लाल आहे!"

"अरे हिरवी, पागल!"

 दोघांपैकी एकजण चुकत होता. एक त्याचा मुलगा, एक त्याचा नातू, आणि दोघांच्या मध्ये ती मिरची, जिच्यावरून त्याला काहीच सांगता येत नव्हतं. विचारायचं तर सगळं उघडं पडणार. न विचारावं तर? बुधवार यायचा होता, आणि केदारला पुढे उभा जन्म काढायचा होता.

"सोनीनी माय," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "हाई मिरची कोनता रंगनी शे?"

केसरबाईला वाटलं, नवरा आज नातवाची बाजू घेऊन गंमत करतोय. "हिरवी शे," ती म्हणाली. "काब्र, तुमले दिसत नही का?"

पप्पू सुटला होता. केदार सापडला होता. एकाच शब्दात.

"नही," नथू म्हणाला. "माले नही दिसत. कधीच नही दिसत."

गच्चीवर सगळे हात थांबले. मग नथूने सांगितलं. भास्करमामाचं, नळ्यांवरच्या खाचांचं, मॅडमनी सांगितलेलं सगळं. सोनीने केदारला ओढून मांडीवर घेतलं आणि ती रडायला लागली.  केसरबाई आपल्या हातातल्या बांगड्यांकडे बघत म्हणाली, "एकोणतीस वरीस. माले सांगाले काय व्हयनं होतं तुमले?"

"भ्यालो," नथू म्हणाला.

"आणि माझा फॉर्म?" पप्पू उठून उभा राहिला होता. त्याचा चेहरा ताठ झाला होता. "तो पण यासाठीच फाडला?"

"हो. भीतीपोटीच. तुझी तीन वर्षं मी खाल्ली, बाबा. फुकट खाल्ली."

पप्पू कठड्याकडे तोंड करून उभा राहिला.  आई रडतेय, मामाने पाठ फिरवलीय, हे बघून केदारला वाटलं, सगळं आपल्यामुळेच झालं. त्याने मिरची पाठीमागे लपवली आणि ओठ काढून म्हणाला, "नाना, मी चुकलो?" आणि नथूने हात पुढे केला तेव्हा ते पोर मान आत ओढून आकसलं. आठ वर्षांचा नथू असाच आकसला होता, पाटीसमोर.

"नाही रे," नथू त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाला.  "तुझे डोळे माझ्यासारखे आहेत, एवढंच. आपल्याला कळलं नाही की काय करायचं सांगू? लपवायचं नाही. ज्याला दिसतं त्याला विचारायचं."

केदारने थोडा विचार केला. मग पाठीमागचा हात पुढे काढला, ढिगातली आणखी एक मिरची उचलली आणि गच्चीभर ओरडला, "मामा, ही कुठली?"

पप्पू वळला. डोळे पुसून त्याने मिरचीकडे पाहिलं. "लाल," तो म्हणाला. "ही खरंच लाल आहे."

नथूने ढिगात हात घातला. जी हाताला लागली ती मिरची उचलून त्याने आपल्या मुलापुढे धरली. भीती अजून गेली नव्हती, पोराने तोंड फिरवलं तर काय?

"आणि ही?" त्याने विचारलं.

पप्पूने बापाकडे बघितलं, मिरचीकडे बघितलं, आणि मग तो खाली, लुगड्याच्या कडेला, बापाशेजारी बसला.

"हिरवी, पप्पा," तो म्हणाला. "इकडे द्या."