आंब्यावरची सीतेची वेणी

गुलाबी ठिपक्यांचा तो शुभ्र घोस वाऱ्यावर हलतो आणि एक गंध येतो, इतका मंद की जवळ जाऊन मान वर केल्याशिवाय लाभायचा नाही. सीतेची वेणी, झाडावर वाढणारे ऑर्किड! चिंचणीतल्या माझ्या घराच्या परसात, आंब्याच्या फांदीवरून ती ज्येष्ठाच्या तोंडावर अशी ओळंबते की हातातला चहा गार होतो आणि मला त्याचे भानही राहत नाही.

पण सांगायला लाज वाटते, हिला मीच एकदा मरणाच्या दारी लोटले होते. ऐंशीच्या सुमारास बोईसरच्या एका कारखान्यात कारकुनी करायला मी देशावरून आलो आणि या घरात राहू लागलो. आंब्यावर परके पान दिसले की कोयता चालवायचा, एवढेच ज्ञान गाठीला. त्या जाड, पट्ट्यांसारख्या पानांना मी बेधडक बांडगूळ ठरवले, खाली ओढले आणि पालापाचोळ्यावर टाकून ते पेटवायला काडी ओढू लागलो. केवढा तो आत्मविश्वास!

तेवढ्यात डोंगरपाड्यावरून लाकडे विकायला येणाऱ्या जमनीबाईने डोक्यावरची मोळी धाडकन टाकली आणि माझा हातच धरला. "अरं भाऊ, जाळू नको! ही बांडगूळ नाय. झाडाचा रस नाय पीत, नुसती बसाला जागा मागते."

माझ्या भाजीच्या वाफ्याला कोळ्यांकडून आणलेल्या जुन्या जाळ्याचे कुंपण होते. त्याचा तुकडा कापून तिने ती मुळे पुन्हा फांदीशी बांधली. मी आपला खाली शिडी धरून, ओशाळा होऊन उभा.

दोन वर्षे वेणी मुकी राहिली. मी रोज पाहायचो आणि रोज मनातल्या मनात माफी मागायचो. जमनीबाई दिवाळीनंतर घरच्यांबरोबर वीटभट्टीवर जायची, ती पावसाच्या आधी परतायची. तिसऱ्या वर्षी ती परतली, त्याच आठवड्यात फूल आले. तिला द्यावे म्हणून मी हात वर केला, तर म्हणाली, "तोडू नको. मीपन घरी आले, तीपन आली. ऱ्हाऊ दे."

त्या माउलीचे आभार मी कधी नीट मानलेच नाहीत. आता मुळांनी जाळे पुरते झाकून टाकले आहे. गंधासाठी मान वर करतो, तेव्हा वाटते, या गावाकडे मीही नुसती बसायला जागाच मागितली होती. आणि मला परका म्हणून कुणी कोयता उगारला नाही.