देवांची खोली

इंग्लंडात स्लाऊच्या मेन रोडवर घर घेतलं तेव्हा वरच्या दोन खोल्यांचं वाटप मीच केलं. मागची छोटी, बागेकडची, ईशान्येला येत होती, ती देवांना. पुढची मोठी, रस्त्याकडची, आम्हा दोघांना. घरच्या कारभारात माझं सहसा चुकत नाही, आणि हे मी सगळ्यांना सांगतही असते.

वेअरहाऊसकडे जाणाऱ्या लॉऱ्या पहाटेपासूनच खिडकीखालून जायच्या. सुरुवातीला काचा थरथरल्या की आम्ही दचकायचो. मग सवय झाली. पाहुण्यांनी विचारलं तर मी ठासून सांगायचे, आम्हाला आता काही ऐकूच येत नाही.

पुढे ह्यांचं बीपी चढलं. मी मीठ कमी केलं, लोणच्याची बरणी लपवली, रोज फिरायला पिटाळलं. गोळी सुरू झाली, मग वाढली, तरी आकडा खाली येईना. माझे सासरे ज्या वयात हार्ट अटॅकने गेले, त्या वयाला हे पोचले होते. मला भीती वाटत होती आणि ती मी कुणाला दाखवत नव्हते.

सर्जरीतल्या, म्हणजे इथल्या डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या, नर्सने घरी रोज बीपी मोजून लिहायला सांगितलं. पुढच्या भेटीत तिने कागद पाहिला. सगळ्या सकाळी वाईट, फक्त दोन बऱ्या. त्या दोन दिवशी आम्ही मुलीकडे पिनरला होतो. नर्सने विचारलं, तुमची बेडरूम कुठल्या बाजूला? मी सांगितलं. ती म्हणाली, कानांना ट्रॅफिकची सवय होते, हृदयाला होत नाही. झोपेतही ते दचकत राहतं. नक्की त्यामुळेच असं मी म्हणणार नाही, पण मागे खोली असेल तर झोपून बघा.

घरी आल्यावर हे म्हणाले, "देवांना मेन रोडवर बसवायचं? राहू दे गं. मला सवय आहे."

"अहो, देव पितळेचे आहेत," मी म्हटलं. "तुम्ही नाही."

शनिवारी दुपारी देव्हारा पुढे गेला. मागच्या खोलीत पलंग जेमतेम मावला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुढच्या खोलीत पूजेला बसले आणि माझं स्तोत्र मलाच ऐकू येईना. एक लॉरी गेली, तबकातली पळी किणकिणली. इतकी वर्षं मी ह्यांना इथे झोपवलं होतं आणि बागेची शांतता मूर्तींना दिली होती. मला स्वतःचा भयंकर राग आला, आणि रडूही आलं.

गोळी अजून चालू आहे, पण सकाळचा आकडा उतरलाय. नर्स खूश आहे, मी तर आहेच. मी पूजेला बसते तेव्हा हे मागे गाढ झोपलेले असतात. त्यामुळे आरतीला मी घंटा वाजवत नाही.