दोन हात जास्त काठी

नाव चालवायची मी आणि काठी निवडली त्यांनी. इतकी वर्षं झाली, तरी हे लिहिताना माझं डोकं तापतं.

कारधा गावाच्या खालच्या अंगाला, वैनगंगेच्या रेतीत आमची डांगरवाडी होती. हिवाळ्यात रेतीत खड्डे करून वेल लावायचे आणि उन्हाळाभर टरबूज आणि डांगरं, म्हणजे खरबुजं, भंडाऱ्याच्या बाजारात न्यायची. नवऱ्याने टाकल्यावर मी माहेरी आले, तेव्हा बाबांचे गुडघे गेले होते, म्हणून घरची लहान नाव, आमचा डोंगा, माझ्या हाती आला. सकाळी बांबूने रेटत माल पलीकडे न्यायचा, दुपारी पश्चिमेचा वारा पाठीशी घेऊन शीड लावून परत यायचं. शीड मायच्या दोन जुन्या लुगड्यांचं, चौकोनी. शिडाची काठी म्हणजे माझ्याहून हातभर उंच बांबू, फळीच्या भोकात खोवून पाचर मारलेला. वारा बिथरून वावधन सुटलं की पाचरीला एक लाथ, की काठी आणि शीड दोन्ही आडवं. त्या डोंग्यामुळे माहेरी मी मान वर करून जगत होते. मला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही नकोही होतं.

आणीबाणी संपून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. सरकारी योजनेतून आम्हाला फळ्यांची नवी नाव मिळाली. योजनेचे साहेब कोकणात शिकून आलेले होते. त्यांनी आमच्या अंगणात कागद पसरला आणि दोन चित्रं काढली. एकात आमच्यासारखी आखूड काठी. दुसऱ्यात दुप्पट उंच काठी, तिला दोन्ही बाजूंनी तारा, नटबोल्ट आणि वर निमुळतं होत गेलेलं तिकोनी शीड. ‘‘दरडीच्या वरचा वारा मिळेल, आडव्या वाऱ्यातही नाव चालेल,’’ साहेब म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते, हे मी आजही कबूल करते. पण समुद्रातल्या नावेचं बूड खोल असतं. आमच्या नावेचं बूड परातीसारखं सपाट, रेतीवरून सरकणारं; उंच काठीवर वारा भरला की ते उलटणार.

‘‘साहेब, वावधन आलं तर ही काठी एकटीनं कशी पाडाची?’’ मी विचारलं.

साहेबांनी बाबांकडे पाहिलं. ‘‘नाव कोण चालवतं?’’

‘‘मीच चालवतो जी,’’ बाबा म्हणाले. ज्या माणसाला अंगणातून ओट्यावर चढवत नव्हतं, तो हे बोलला! आणि उंच काठीच्या चित्रावर त्यांनी अंगठा दिला.

काठी आली, तेव्हा मी हट्टाला पेटले. ‘‘बाबा, पूजेच्या आधी दोन हात कापा. मंग तुमची तार ठेवा का काही बी ठेवा.’’

‘‘साहेबाची वस्तू हाये बाई. कापून कसं जमन?’’

आणि त्यांनी काठीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. आमच्या घरी हळदकुंकू लागलेल्या लाकडाला करवत लावत नाहीत. मला ते माहीत होतं, बाबांनाही माहीत होतं. तोंड बंद करायची त्याहून सोपी रीत नव्हती. मी खूप चिडले, आणि तरी दुसऱ्या दिवशी त्याच नावेत बसले, कारण टरबूज कोणाच्या भांडणासाठी थांबत नाहीत.

महिनाभर नाव झकास चालली. मग एका दुपारी, माय आणि मी रिकाम्या टोपल्या घेऊन परत येत असताना, वारा एकदम फिरला. मी सवयीने काठीच्या बुडाशी लाथ मारली. तिथे पाचर नव्हती, नटबोल्ट होते. नाव कलंडली. पोहता मायलाही येत होतं, पण तिचा हात तारेत अडकला होता. मी बुडी मारून तो ओढून काढला, तेव्हा तो कोपरातून मोडलेला होता. त्या हाताने मायने पुढे कधी भाकरी थापली नाही.

साहेब कागद घेऊन आले. घरात वाचता येणारी मी एकटी, म्हणून मीच तो मोठ्याने वाचून दाखवला. लिहिलं होतं, नाव स्त्री चालवत असल्यामुळे अपघात झाला, यापुढे पुरुषाच्याच हाती द्यावी.

‘‘बाबा, हे खोटं हाये. मले काहून काढता? काठीनं केलं ना हे!’’

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. अंगठा दिला. माय कोपऱ्यात हात गळ्यात बांधून बसली होती.

नाव चुलतभावाला मिळाली. आठवड्याच्या आत त्याने काठी दोन हात कापली, तारा काढल्या, पाचर बसवली. हळदकुंकवाचा विषय कोणी काढला नाही. कापताना काठी धरून बाबाच बसले होते. मी टोपली डोक्यावर घेऊन पुलावरून बाजाराला जाऊ लागले.

नाव पाण्यात न्यायच्या पहिल्याच दिवशी चुलतभाऊ दारात आला, मान खाली घालून. ‘‘बाई, वारा फिरला तं पयले काय सोडाचं? मले कोणी सांगतच नाई.’’

दार लावून घ्यावं असं मनापासून वाटलं. पण त्याची बायको त्याच्या मागे उभी होती, नावेत तीही बसणार होती. मी उठले, अंगणात बांबू रोवला आणि दोघांनाही सगळं शिकवलं. बाबा ओट्यावर बसून ऐकत होते आणि मध्येच त्याला म्हणाले, ‘‘नीट आयक, तिले समजते.’’